दोरीचे दुसरे टोक

नव्या मुंबईचा नकाशा ज्यांनी काढला, त्यांनी जगणाऱ्या माणसाची सोय फार बारकाईने केली होती. कोणत्या सेक्टरात शाळा, कोणत्या कोपऱ्यावर दूधकेंद्र, बाजार कोठे भरवायचा, हे सारे आधीच आखलेले होते. माणसे येथे मरणारही आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात बहुधा उशिरा आली. नव्वदच्या सुमारास सातारा, वाई, फलटण या बाजूंनी आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे नेरूळच्या चार मजली इमारतींत स्थिरावली, आणि पहिल्याच मयतीत त्यांना याचा प्रत्यय आला. इमारतींचे जिने असे, की वळणावर दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे. अर्जविनंत्या करून करून डोंगराच्या बाजूला दफनासाठी जमिनीचा एक तुकडा मिळाला होता. पण शवपेटी खाडीपलीकडून, मुंबईहून टेम्पोने यायची. पुलावर एखादा ट्रक बंद पडला, की इकडे घरातली माणसे बर्फाच्या लादीचे पाणी पुसत वाट पाहत बसायची. मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, कमिटीने या प्रश्नावर सभेमागून सभा घेतल्या आणि प्रत्येक सभेअखेर चहा देणाऱ्यांचे आभार मानले.

त्या सभांना बाबासो भंडारे शेवटच्या रांगेत बसलेला असे. तो कधी बोलला नाही. आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती झालेल्या घरात, वाईजवळच्या एका खेड्यात तो जन्मला होता. मिशनच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकला होता, आणि आता तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात नोकरीला होता. परदेशी जाणाऱ्या यंत्रांसाठी लाकडी खोकी करायची, हे त्याचे काम. ज्या हातांनी खाचेत खाच बसवून खिळ्यावाचून कपाट उभे करावे, ते हात देवदाराच्या कच्च्या फळ्यांवर दिवसभर खिळे ठोकत. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याची खंत वेगळीच होती. रविवारी उपासनेत कोणी उभे राहून संदेश देऊ लागले, की बाबासो त्याच्या तोंडाकडे पाहत राही. आपल्याला हे येत नाही, म्हणजे देवाने आपल्याला काहीच दिलेले नाही, असे त्याला मनोमन वाटे.

या समजाचा दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. आपल्या मंडळ्यांत दानांची, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्यांची, एक उतरंड कोणी न लिहिता ठरून गेलेली आहे. सर्वांत वर बोलणारा, त्याच्या खाली गाणारा, मग तबला वाजवणारा, आणि अगदी तळाशी खुर्च्या मांडणारा. शवपेटी करणाऱ्याला तर या उतरंडीत जागाच नाही.

कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजित साठे यांच्या मातोश्री वारल्या, तेव्हा टेम्पो पुलावर अडकला. साठेसाहेब एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. आई बाहेरच्या खोलीत पांघरुणाखाली आणि साहेब दाराशी फोनवर टेम्पोवाल्याला इंग्रजीत फैलावर घेत होते. बाबासोने त्यांच्या पत्नीला हळूच सांगितले, की कारखान्यात चांगल्या फळ्या आहेत, फोरमन नाही म्हणणार नाही, दुपारपर्यंत पेटी होईल. फक्त माप घ्यावे लागेल. त्याने खिशातून पोलादी टेप काढला आणि पट्टी ओढली. त्या शांत घरात ती अशी करकरली, की बायका दचकल्या. बाबासो शरमला. टेप खिशात घालून त्याने पिशवीतून लाकडावर रेघ मारायची पांढरी सुती दोरी काढली. दोरीला दोन टोके असतात. दुसरे कोणीतरी धरायला हवे. त्याने भोवती पाहिले. खोलीत एवढी माणसे रडत होती, आणि एकच माणूस कोरडा उभा होता.

“साहेब, जरा हे टोक धरता का? पायाशी.”

साठेसाहेब फोन ठेवून कपाळाला आठी घालून आले. वाकले. दोरी धरताना त्यांची बोटे आईच्या टाचांना लागली. त्या टाचांच्या भेगा त्यांच्या ओळखीच्या असाव्यात. बाबासो डोक्याशी दुसरे टोक धरून, मान खाली घालून बसून राहिला. माप घेऊन झाले होते, तरी त्याने दोरी सोडली नाही. साहेबांचे हुंदके थांबेपर्यंत त्याने ती तशीच ताणून धरली.

तेव्हापासून मंडळीत कोणी वारले, की बाबासोला निरोप जाऊ लागला. तो आधी जिन्यात थांबे आणि वळणाचे माप घेई, कारण पेटी तेथून आडवी वळली पाहिजे. मग घराच्या उंबऱ्याशी येऊन क्षणभर उभा राही, आणि आत गेल्यावर दोरीचे दुसरे टोक कोणा एकाच्या हातात देई. ऐरोलीला एक सासू वारली. सुनेच्या डोळ्यांत टिपूस नाही, अशी कुजबुज बायकांत चालली होती, आणि ती सून स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाबासो थेट तेथे गेला. “ताई, हात पुसा आणि जरा या.” त्या मुलीने टोक धरले आणि सासूच्या पावलांवर कपाळ टेकून ती अशी काही रडली, की कुजबुजणाऱ्या बायकाच तिला सावरायला धावल्या. हे त्याला कोणी शिकवले नव्हते, आणि हे काही विशेष आहे असे त्याच्या मनातही आले नाही. पेट्या चांगल्या होतात, एवढे लोक म्हणत. त्याचेही म्हणणे तेवढेच.

ओळखले ते फक्त राजाबाईंनी. राजाबाई वाईच्या जुन्या बायबलबाई. आयुष्यभर छत्री आणि शास्त्राचे पुस्तक घेऊन त्या खेडोपाडी बायकांना शिकवत हिंडल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भाच्याच्या आधाराने नेरूळला आल्या, तो भाचाही परदेशी गेला. बाबासोच्या घरामागल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत त्या एकट्या राहत. अंगाने इतक्या लहान, की खुर्चीत बसल्या तर पाय जमिनीला लागत नसत. बाबासोला त्यांनी लहानपणी मांडीवर घेऊन अक्षरे गिरवायला शिकवले होते. सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत.

एका दुपारी त्यांनी बाबासोला बोलावून घेतले. त्यांच्या खाटेखाली सागवानी फळ्यांची चळत होती. गावाकडचे जुने ख्रिस्ती उपासनामंदिर पाडले, तेव्हा त्यातल्या बाकांच्या फळ्या त्यांनी मागून आणल्या होत्या.

“सलाम बाई. एवढ्या फळ्या? कपाट करायचंय?”

“कपाटच म्हण. मला ठेवायचं.” त्यांनी डोळे मिचकावले. “याच बाकावर बसून मी चालायच्या आधी गायला शिकले. आता यातच झोपते.”

“बाई, असलं बोलू नये.”

“का? तू लोकांची मापं घेत हिंडतोस ते चालतं, आणि मी माझं दिलं तर विटाळ झाला? काढ ती दोरी.”

त्या खरोखरच चटईवर आडव्या झाल्या आणि हात छातीवर बांधून डोळे मिटले. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, “माप जास्त धरू नकोस हां. उगाच आत घरंगळायची मी.”

बाबासोला हसू आवरले नाही. त्याने दोरी लावली. टाचेकडचे टोक धरायला कोणी नव्हते, तर बाईंनी ते पायाच्या अंगठ्यात पकडले.

“बाबासो, तू टोक कुणाच्या हातात देतोस, ते मी बघते बरं. ज्याचं रडू अडकलंय त्याच्याच. हे तुला कळतं कसं रे?”

“कळायचं काय त्यात. जो मोकळा असतो त्याला देतो.”

“मोकळा म्हणे.” बाई उठून बसल्या. “अरे, मी जन्मभर बोलले. माझं बोलणं ऐकून कुणी इतकं हलकं झालेलं मला आठवत नाही. हे देवाचं देणं हाय, लेकरा. जप.” मग दोरीची घडी त्याच्या हातात देत म्हणाल्या, “माझं मागंपुढं कुणी न्हाई. माझ्या वेळी टोक तूच धरायचं. पेटी तुझ्या हातची, आणि रडायलाही तूच. कबूल?”

“कबूल.”

त्याने त्याच आठवड्यात फळ्या त्यांच्या मापाने कापून दिल्या, माप घेतलेल्या दोरीनेच बांधल्या आणि खाटेखाली सरकवल्या. सांधायचे ते वेळ आल्यावर. सागवान आत वाळत राहिले.

कारखान्यात त्याच्यासोबत खोकी उचलायला मानसिंग होता. तो कोरेगावकडचा, हिंदू, आणि जिभेचा तिखट. तो जेवणाच्या सुट्टीत म्हणे, “बाबासो, आमच्यात जाळत्यात म्हनून. न्हाईतर माझं बी माप देऊन ठेवलं असतं. तुझ्या हातचं खोकं म्हंजे एक्स्पोर्ट क्वालिटी.”

“तुझ्या पोटाला फळी पुरायची नाही.”

“जोड द्यायचा की मग. कारागीर न्हवं तू?”

अशी ती चार वर्षे गेली. नंतर वाशीच्या मैदानावर तो मेळावा झाला.

असे मेळावे त्या काळात वारंवार होऊ लागले होते. मोठा मांडव, त्याहून मोठे कर्णे, आणि बाहेरगावचा टाय लावलेला एक वक्ता, ज्याला आपल्या गावाचे नावही नीट उच्चारता येत नाही, पण आपल्या भविष्याची इत्थंभूत माहिती असते. त्या वर्षीचा विषय आत्मिक दाने हा होता. शेवटच्या संध्याकाळी वक्त्याने लोकांना पुढे बोलावले. बाबासो रांगेत गेला. वक्त्याने त्याच्या कपाळावर हात ठेवला, दुभाष्याने मराठी केले: देव तुझ्या हातातले लाकूड काढून घेत आहे आणि तुझ्या तोंडात शब्द घालत आहे, तू लोकसमुदायापुढे उभा राहशील.

हा माणूस सुतार आहे, हे त्या वक्त्याला कसे कळले, याचे मंडळीला केवढे नवल वाटले. बाबासोच्या शर्टाच्या खिशात, बोटभर वर डोकावणारी, सुताराची चपटी पेन्सिल होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. बाबासोच्याही नाही. तो मांडवातून बाहेर आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते दान उशिरा का होईना पदरात पडले होते.

या गोष्टीला सर्वांत मोठा पाठिंबा दिला साठेसाहेबांनी. त्यांनी कमिटीत ठराव मांडला, की बंधू भंडारे यांना उरण आणि ऐरोलीच्या घरगुती संगतींत, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभांत, संदेश देण्यासाठी पाठवावे, आणि शवपेट्यांसाठी मुंबईच्या एका दुकानाशी कायमचे ठरवून टाकावे. “देवाच्या सेवकाने खोकी ठोकत बसणे बरे दिसत नाही,” असे ते म्हणाले. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेतली नाही. पण ज्याने आपल्याला लहान मुलासारखे रडताना पाहिले, तो माणूस दर रविवारी आपल्या मागच्या रांगेत बसतो, हे काही लोकांना सोसत नाही. अशा माणसाला दूर पाठवायचे असेल, तर त्याला बढती देणे हा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

बाबासोने करवत, रंधा, पटाश्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या आणि माळ्यावर टाकल्या. त्याने मेळाव्याच्या कॅसेटी आणल्या आणि त्यांतली वाक्ये पाठ केली. दर रविवारी पांढरा शर्ट घालून तो उरणच्या एस.टी.त बसे. त्याचे बोलणे वाईट नव्हते. त्यात चूक अशी काढता आली नसती. पण खोक्यावरचे नंबर वाचून दाखवावेत, तसे तो प्रभूचे प्रेम वाचून दाखवी. उरणची माणसे भली. ती शेवटपर्यंत बसत, ‘आमेन’ म्हणत आणि जेवायला वाढत. संदेशाविषयी मात्र कोणी कधी काही विचारले नाही. एकदा एका म्हाताऱ्या कोळिणीने त्याला विचारले, “तूच ना रं तो, माझ्या बहिनीची पेटी केली? तवा किती ग्वाड वाटला होतास.” बाबासोला ते बोलणे लागले. तिला संदेशातले काही कळले नसावे, असे त्याने मनाचे समाधान केले.

मालतीबाई, त्याची बायको, सारे पाहत होती. ती बाजारपेठेतल्या एका शिवणवर्गात कपडे शिवी. बोलणे तिचे तुटक आणि नेमके.

“त्या टायवाल्याने सांगितलं म्हणून सोडलंत. बाईंनी सांगितलं होतं ते?”

“बाई जुन्या विचारांच्या आहेत, मालती.”

“आणि तुम्ही काय, नवीन मॉडेल?”

दुकानातल्या पेट्या येऊ लागल्या. काळ्या, चकचकीत, पितळी कड्यांच्या, आणि सगळ्या एकाच मापाच्या. माप घ्यायला कोणी येत नसे. वळणावर पेटी तिरकी करावी लागे, खालचे लोक ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत, आणि वरची माणसे तोंड फिरवत. त्या काळात जी माणसे गेली, त्यांच्या घरी बाबासो प्रार्थना करायला गेला. शब्द तयार असत. तो उंबऱ्याशी थांबत नसे. सरळ आत जाऊन उभ्यानेच बोलू लागे, आणि लोक डोके झाकून, डोळे मिटून, तो केव्हा संपवतो याची वाट पाहत.

बाईंनी त्याला एकदाच टोकले. नाताळच्या दिवशी तो आणि मालतीबाई भेटायला गेले होते. करंज्यांची बशी पुढे करून त्या म्हणाल्या, “फळ्या चांगल्या वाळल्यात हो.”

बाबासो खाली पाहत म्हणाला, “बाई, देवानं आता मला दुसरं काम दिलंय.”

“बरं. पहिलं परत मागितलं का त्यानं?”

बाबासोने बशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

“मी आपली विचारते,” बाई म्हणाल्या. “मालकानं एक हत्यार दिलं असताना शेजाऱ्याचं हातात घेऊन बसलं, तर मालक आल्यावर काय दाखवायचं? घे, करंजी घे. गोड झालीये.”

पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी दुपारी, राजाबाई खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. पाय नेहमीसारखे जमिनीपासून वर होते. मालतीबाईने धावत येऊन सांगितले. बाबासो टेबलाशी बसून दुसऱ्या दिवशीच्या संदेशाची तयारी करत होता. त्याने पेन खाली ठेवले. मालतीबाईने स्टूल ओढले आणि माळ्यावरचे फडके खाली काढले. आतली हत्यारे खणखणली.

“उठा. फळ्या कापलेल्याच आहेत. संध्याकाळच्या आत होईल.”

“साठेसाहेबांनी दुकानाला कळवलं असेल.”

“मग कळवा, नको म्हणून.”

बाबासो उठला, खिडकीशी गेला. त्याच्या मनात त्या क्षणी जे आले, ते वाईट मनाने आले नव्हते, आणि हेच त्याला पुढे सर्वांत जड गेले. बाईंनी आपल्याला शिकवले, वाढवले. त्यांना आपल्याजवळचे सर्वांत श्रेष्ठ असेल तेच द्यावे. खोके तर कोणीही देईल.

“मालती, मी त्यांच्या अंत्यविधीत बोलेन,” तो म्हणाला. “पाळकसाहेबांकडून मागून घेतो. असं बोलेन, की त्यांच्या आयुष्याचं चीज होईल. आज रात्रभर—आता बसतोच तयारीला. तेच माझं दान आहे.”

मालतीबाईच्या हातात रंधा होता. तो तिने हळूच टेबलावर, त्याच्या कागदांवर ठेवला.

“त्यांनी भाषण मागितलं नव्हतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. पेटी नेहमीच्याच मापाची. बाईंना तीत ठेवले, तेव्हा पायाशी एखादे मूल मावेल एवढी जागा उरली. बायकांनी दोन्ही बाजूंनी साड्यांच्या घड्या लावल्या, फुले लावली. बाबासो वर गेला नव्हता. तो खाली फाटकाशी शास्त्राचे पुस्तक हातात धरून, ओठांतल्या ओठांत वाक्ये म्हणत उभा होता. त्याला जिन्यातून माणसांचे आवाज येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. पेटी आडवी वळेना. कोणीतरी म्हणाले, “उभी करा, जरा उभी करा.” आणि मग पेटी उभी झाली.

तो आवाज फार मोठा नव्हता. आतले हलके शरीर डोक्याकडून पायाकडे सरकत गेले आणि टोकाच्या फळीवर आदळले. कोणाच्या तरी तोंडून ‘प्रभू’ एवढेच निघाले. साठेसाहेब पुढच्या कडीला होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मालतीबाई पेटीमागून येत होती. तिने कठड्यावरून खाली पाहिले, फाटकाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे.

आपण घरंगळू, म्हणून बाईंनी आधीच सांगून ठेवले होते.

डोंगराच्या बाजूच्या त्या तुकड्यात बाबासो बोलला. पाठ केलेले सगळे बोलला, एकही वाक्य गाळले नाही. लोकांनी पुढे त्याला सांगितले, की तुमचा आजवरचा सर्वांत चांगला संदेश तोच. बोलताना त्याचे डोळे कोरडे होते. रडायचे कबूल केले होते, तेही त्याच्याकडून झाले नाही.

काही आठवड्यांनी खोलीच्या मालकाचा निरोप आला, की खाटेखालच्या फळ्या घेऊन जा, नाहीतर टाकून देतो. बाबासो मानसिंगला घेऊन गेला. मानसिंगने चळत खांद्यावर घेतली आणि म्हणाला, “येवढ्या आखूड? कुनाच्या खोक्याच्या रं?”

“बाईंच्या.”

मानसिंगच्या जिभेवर काहीतरी तयार असावे. पण त्याने ते गिळले. जिन्याच्या वळणावर तो थांबला आणि दोन्ही हातांनी चळत जपून वळवली, आत कोणी झोपलेले असावे तशी.

घरी आल्यावर बाबासोने गॅलरीत फळ्या उतरवल्या. त्यांना बांधलेली दोरी त्याचीच होती, गाठही त्याची. ती सोडून त्याने बोटांवर गुंडाळली, पुन्हा उलगडली आणि सर्वांत वरच्या फळीवर लांब करून धरली. फळी आणि दोरीवरची बाईंच्या मापाची खूण तंतोतंत जुळली. दुसरे टोक फरशीवर पडून राहिले. मालतीबाई कपडे वाळत घालत होती. तिने हातातली चादर बादलीत सोडली, खाली बसली आणि ते टोक उचलून धरले. तेव्हा त्याला रडू फुटले. तो बराच वेळ रडला. शेजारच्या गॅलरीतली बाई काय झाले म्हणून डोकावली आणि आत निघून गेली. मालतीबाईने दोरी सोडली नाही.

उरणला जाणे त्याने बंद केले. साठेसाहेबांना जाऊन सांगितले, की मी पुन्हा पेट्या करीन. साहेबांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिले, की दुकानाशी ठरलेले आहे, ठराव बदलणे अवघड आहे, तरी ज्याची त्याची इच्छा. काही जुनी घरे परस्पर बोलावू लागली. हातांना लगेच जुने काम आठवले. सांधे पूर्वीसारखेच घट्ट बसू लागले. बाईंच्या फळ्या मात्र कोणाच्याच कामी आल्या नाहीत. मोठ्यांना त्या आखूड पडत, आणि लहान मुलासाठी कापायला त्याचा हात धजला नाही. त्या त्याने आपल्या पलंगाखाली सरकवल्या.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर सानपाड्याला एका घरी त्याला बोलावले. नवरा गेला होता, आणि त्याची बायको भिंतीशी ताठ बसली होती, डोळे कोरडे. बाबासो उंबऱ्याशी थांबला. त्याला आत, कोणाच्या हातात टोक द्यायचे, ते दिसले. तो पुढे झाला आणि खाली वाकून त्याने दोरी तिच्यासमोर धरली. त्याला पाहताच ती बाई सावरून बसली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले.

“बंधू, आधी प्रार्थना करा,” ती म्हणाली. “तुम्ही बाईंच्या वेळी फार सुंदर बोलला होतात.”

त्याने दोरी मुठीत गुंडाळली. मग त्याने प्रार्थना केली, होईल तेवढी लहान. तिने ‘आमेन’ म्हटले, पदर नीट केला आणि स्वयंपाकघरात कोणाला तरी चहा टाकायला सांगितला. दुसरे टोक धरायला कोणी आले नाही. बाबासोने ते नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर ठेवले, वर पाण्याचा तांब्या ठेवला आणि एकट्यानेच माप घेतले.

जिना त्याने वर येतानाच मोजला होता.